दर्याची राखण : मालवणचे सागरी अभयारण्य आणि आपला मच्छीमार

यंदाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी इतिहाससंशोधक नव्हे. जुनी अकरावी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिक्षकी केली. सेवेचा पूर्वार्ध मालवण तालुक्यात आणि उत्तरार्ध रत्नागिरी तालुक्यात गेला. आता निवृत्तीनंतर रत्नागिरीस राहतो. तथापि ज्या गोष्टी डोळ्यांदेखत घडल्या, त्यांपैकी एकीत थोडा हातही होता, त्या पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, असे वाटल्यावरून लेखणी हाती घेतली आहे.

आपल्या गाबीत समाजाचा इतिहास म्हटला की आपण आरमारापासून आरंभ करतो. शिवछत्रपतींच्या आणि पुढे आंग्र्यांच्या गलबतांवर आपले पूर्वज तांडेल आणि खलाशी म्हणून राबले, याचा अभिमान प्रत्येकाने बाळगावा हे योग्यच आहे. परंतु १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्यानंतरची पावणेतीनशे वर्षे आपण जगलो ती जाळ्यावर. त्या जाळ्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. त्यातीलच एक प्रकरण आज मी घेतो. दर्याचा काही भाग मासेमारीस बंद ठेवला, तर शेजारच्या मच्छीमाराचे कल्याण होते की हानी होते? हा प्रश्न १९८७ साली मालवणास आपल्या दारात येऊन उभा राहिला, तो अद्याप हललेला नाही. आणि आता तो आंग्रिया बँकेच्या रूपाने रत्नागिरी व विजयदुर्गच्या बंदरांकडेही पाहू लागला आहे.

जुनी राखण

दर्या बंद ठेवण्याची कल्पना आपल्याला परकी आहे, असा एक समज आहे. तो खरा नाही. मृगाच्या सुमारास होड्या वर ओढाव्यात, शाकाराव्यात, जाळी दुरुस्त करावीत, आणि नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ दिल्यावाचून जाळे पाण्यात टाकू नये, हा नियम कोणत्या सरकारने घातला? पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो म्हणून होडी घालता येत नसे, हे तर खरेच. पण अनेक जातींची मासळी याच दिवसांत अंडी घालते, हेही आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. म्हणजे दर्याची वार्षिक बंदी आपण पिढ्यान् पिढ्या पाळीत आलो. तिला पहारेकरी लागला नाही, की दंडाची पावती लागली नाही. पुढे कायद्याने तीच गोष्ट तारखा घालून सांगितली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी ठरविली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तक्रार केली ती बंदी आहे म्हणून नव्हे, तर ती नारळी पौर्णिमेपर्यंत पोहोचत नाही म्हणून.

दुसरे उदाहरण रापणीचे. आजच्या मुलांनी रापण क्वचितच पाहिली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. रापण हे एका मालकाचे जाळे नव्हे. प्रत्येक वाटेकऱ्याने आपापला जाळ्याचा तुकडा आणावा, ते सारे जोडून एक लांबलचक जाळे व्हावे, होडीने ते पाण्यात अर्धवर्तुळाकार सोडावे, आणि दोन्ही टोके धरून सर्वांनी मिळून ते किनाऱ्यावर ओढावे, अशी ती रीत. मासळीचे वाटे होत. कोणत्या गावाच्या रापणीने कोणत्या वेळेवर जाळे टाकावे, कोणाची पाळी आधी, कोणाची नंतर, हे सारे ठरलेले असे. माझ्या वडिलांचा रापणीत एक वाटा होता. लहानपणी पहाटे वेळेवर जाऊन दोर ओढावा आणि सकाळी शाळेत हाताला बांगड्याचा वास घेऊन बसावे, हा माझा नित्यक्रम. त्या दोराला हात लावणारा परका असला तरी रिकाम्या हाताने परत जात नसे. सांगावयाचे ते हे की, दर्या सर्वांचा असला तरी तो बेवारस नव्हता. त्याला हद्दी होत्या, पाळ्या होत्या, आणि त्या मोडणाऱ्यास गावापुढे उभे राहावे लागे.

तिसरे उदाहरण राज्यकर्त्यांचे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या आरंभीचे. त्यातील आरमाराच्या प्रकरणात गलबतांसाठी लाकूड तोडण्यासंबंधी आज्ञा आहे. आंबा, फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची खरी. पण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, मोल देऊन, त्याचे समाधान करून मगच तोडावे, असा त्या आज्ञेचा आशय आहे. राज्याचे काम कितीही मोठे असो, ज्याच्या दारातील वस्तू घ्यावयाची त्याला आधी राजी केले पाहिजे, हे तत्त्व आपल्याच राजनीतीत तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. वाचकांनी ते ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

यंत्राचा काळ

स्वातंत्र्यानंतर होडीला यंत्र आले, नायलॉनचे जाळे आले, बर्फाचे कारखाने निघाले, आणि कोळंबी परदेशी जाऊ लागली. मिरकरवाड्यास, मालवणास, देवगडास समृद्धी आली, ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या समाजातील कितीतरी मुले त्याच पैशावर शिकली. परंतु ट्रॉलरचे जाळे दर्याचा तळ खरवडीत जाते. त्यात मोठ्या मासळीबरोबर तिची पिलेही येतात, आणि ती फेकून दिली जातात. पुढे पर्ससीन आली. तिने बांगड्याचा, तारलीचा थवाच्या थवा घेरून उचलावा आणि किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याने रिकामे जाळे झटकावे, असे दिवस आले.

गोव्यात १९७० नंतरच्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन केले, आणि १९८० मध्ये तेथे किनाऱ्याजवळचे पाणी पारंपरिक मच्छीमारासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. पाठोपाठ महाराष्ट्राने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. त्याच वर्षी १ मे रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. कायदा झाला खरा, पण दर्यात रेघ ओढता येत नाही, आणि गस्तीची नौका नेमकी हवी तेव्हा दिसत नाही. मालवणच्या पाण्यात यांत्रिक नौका आणि पारंपरिक मच्छीमार यांचे झगडे होत राहिले. दोन्ही बाजूंस आपलीच माणसे होती, ही यातील सर्वांत दुःखाची गोष्ट. २०१६ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालून तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला, आणि २०२१ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा लाखांच्या घरात गेल्या.

सन १९८७

या पार्श्वभूमीवर मालवणचे सागरी अभयारण्य पाहावयाचे आहे. गेल्या शतकातील सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोकण किनाऱ्याचे निरीक्षण केले, तेव्हा मालवणास जिवंत प्रवाळ असल्याची नोंद झाली. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या भोवतालच्या खडपांवर प्रवाळ आहे, सागरी शेवाळाची राने आहेत, गोबरा, तांबोशी, शेवंड यांची वस्ती आहे. ही संपत्ती राखावी म्हणून १३ एप्रिल १९८७ रोजी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यांपैकी सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासची खडपे मिळून ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा, आणि उरलेला भोवतालचा पट्टा. गाभ्याची हद्द मालवण बंदराजवळ किनाऱ्यापासून अवघ्या ५० मीटरवर येते. म्हणजे होडी लोटली की दोन वल्ह्यांत माणूस अभयारण्यात.

त्या वर्षी मी तालुक्यातील एका शाळेत होतो. वय तिशीचे. अभयारण्य जाहीर झाल्याची वार्ता आधी अफवा म्हणून आली, मग कागद म्हणून. एके संध्याकाळी काही पालक शाळेत आले. त्यांच्याजवळ हद्दींचे वर्णन असलेली एक प्रत होती. कोणी कोणत्या कचेरीतून आणली ते मी विचारले नाही. मी ती मोठ्याने वाचली. पूर्वेस अमुक, पश्चिमेस अमुक, इतक्या मीटरवर तमुक खडक. वाचून झाल्यावर एक वयस्क रापणकर म्हणाले, “गुरुजी, ह्या हद्दीत आमची रापण येता काय? आणि येता तर पोरांनी खावचा काय?” मी कागद पुन्हा उलटसुलट पाहिला. हद्दी होत्या, क्षेत्रफळ होते, पण या दोन प्रश्नांचे उत्तर त्यात कोठेच नव्हते. शिक्षकाला एवढे निरुत्तर होण्याचा प्रसंग वर्गात कधी आला नाही.

त्यानंतर एक सभा झाली. तीत मीही बोललो. “आज किल्ल्याभोवतालचा दर्या बंद करतील, उद्या सारा किनारा बंद करतील, तेव्हा एक इंचही देऊ नका,” असे मी म्हणालो, आणि टाळ्या पडल्या. त्या भाषणाचा मला पुष्कळ वर्षे अभिमान वाटे. आज वाटत नाही. लोकांना विचारले गेले नव्हते, ही माझी तक्रार खरी होती. परंतु राखलेल्या पाण्यातून आपल्याला काही लाभ होईल की काय, हा प्रश्न मी स्वतः विचारला नाही, आणि दुसऱ्यास विचारू दिला नाही.

कायद्याच्या इतिहासातील एक बारकावा येथे नमूद करण्यासारखा आहे. १९९१ मध्ये वन्यजीव अधिनियमात दुरुस्ती झाली, आणि प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यावयाचा असेल तर त्याच्या हद्दी नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकांशी विचारविनिमय करून, आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याचे पुरेसे उपाय योजूनच ठरवाव्यात, असे स्पष्ट शब्द त्यात आले. अमात्यांच्या आज्ञापत्रातील तत्त्वच ते. परंतु हे शब्द आले मालवणची हद्द आखल्यानंतर चार वर्षांनी. आमच्या रापणकरांच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सक्ती १९८७ मध्ये कायद्याने कोणावर केलेली नव्हती.

परिणाम काय झाला? अभयारण्य नकाशावर राहिले आणि दर्या होता तसाच चालू राहिला. विरोध कायम राहिल्याने बंदी नीट अमलात आली नाही. हद्दीतील पाण्यात मासेमारी होतच राहिली. म्हणजे मच्छीमाराच्या मनात भीती बसली आणि मासळीला अभय मिळाले नाही. दोन्हीकडचे नुकसान झाले. पुढे तारकर्ली-मालवणास पर्यटक येऊ लागले, पाण्याखालचे प्रवाळ पाहण्याचा व्यवसाय निघाला, आणि जेथे जाळी पडत होती तेथे नांगर पडू लागले. २०११ ते २०१७ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्गात एक प्रकल्प चालला. त्यात मच्छीमारांच्या मुलांना पाण्याखालील मार्गदर्शकाचे शिक्षण, महिलांना कालवांची व खेकड्यांची शेती, ट्रॉलरच्या जाळ्याला पिले निसटतील असा चौकोनी आसांचा शेवट, असे काही उपक्रम झाले. त्यांतील काही टिकले, काही प्रकल्पाबरोबरच ओसरले. पण लोकांना बरोबर घेऊन बोलण्याची रीत त्यामुळे पडली, हे मान्य केले पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी तेथे पर्यटकांना होडीतून नेतो. काही वर्षांपूर्वी त्याने मला किल्ल्याच्या मागच्या अंगास नेले आणि तळाला काच बसविलेल्या डब्यातून पाणी दाखविले. ज्या पाण्यावर मी जन्म काढला, त्याच्याखाली काय आहे हे साठीच्या उंबरठ्यावर प्रथम पाहिले. तो म्हणाला, “गुरुजी, पूर्वी हयसर मोठे गोबरे गावत. आता लहानच गावतत.” त्या दिवसापासून मी या विषयाचे वाचन सुरू केले.

समुद्रापलीकडचे दाखले

फिलिपाईन्स देशात सुमिलोन नावाचे लहानसे बेट आहे. तेथे १९७४ मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने प्रवाळाचा सुमारे चौथा भाग मासेमारीस पूर्ण बंद करण्यात आला. उरलेल्या तीन भागांत मच्छीमार पूर्ववत मासे धरीत. दहा वर्षांनंतर, १९८४ मध्ये, स्थानिक कारभार बदलला आणि राखीव भागही खुला झाला. आता चारही भागांत जाळी पडू लागली. सामान्य हिशेब असा की क्षेत्र वाढले तर मासळी वाढावी. परंतु दीड-दोन वर्षांत एकूण उत्पन्न वाढण्याऐवजी सुमारे निम्म्यावर आले. याचा अर्थ, बंद असलेला चौथा भाग हा उरलेल्या तीन भागांना मासळी पुरवीत होता. आपल्या खेड्यात बियाण्याचे भात वेगळ्या कणगीत ठेवतात. ती कणगी फोडून खाल्ली की पुढल्या हंगामात शेत ओसाड राहते, तसेच हे झाले.

त्याच देशातील आपो बेटाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्याच विद्यापीठाचे प्राध्यापक एंजल अल्काला यांनी तेथील मच्छीमारांशी सुमारे तीन वर्षे चर्चा केली आणि काहींना सुमिलोनला नेऊन प्रत्यक्ष दाखविले. मग १९८२ मध्ये मोजक्या कुटुंबांनी आपल्या किनाऱ्याचा अर्ध्या किलोमीटरहूनही कमी असा तुकडा बंद ठेवण्याचे ठरविले. पहारा त्यांनीच केला. काही वर्षांत त्या तुकड्यात मोठे मासे दिसू लागले, आणि हद्दीलगत गळ टाकणाऱ्यास इतरांपेक्षा चांगली मासळी मिळू लागली. तेव्हा साऱ्या बेटाने ती राखण आपली मानली. पुढे २०११ च्या डिसेंबरातील वादळाने तेथील राखीव प्रवाळाची मोठी हानी केली, हेही सांगितले पाहिजे. अभयारण्य वादळाला अडवू शकत नाही.

तिसरा दाखला न्यूझीलंडमधील ली या गावचा. तेथील राखीव क्षेत्र १९७५ पासूनचे, सुमारे ५ चौरस किलोमीटरचे. आरंभी तेथील मच्छीमारांनीही विरोध केला होता. नंतर तेच हद्दीच्या कडेला शेवंडांचे पिंजरे मांडू लागले. परंतु अलीकडे तेथील शेवंड पुन्हा कमी झाले आहेत. क्षेत्र लहान, आणि कडेला पिंजऱ्यांची गर्दी. त्यामुळे आतील शेवंड बाहेर पडला की सापडतो. मालवणचा गाभा तर त्या क्षेत्राहूनही लहान आहे, हे लक्षात घ्यावे.

यामागील कारण कठीण नाही. खडपात राहणारा मासा वर्षानुवर्षे एकाच परिसरात असतो. तो जगला तर मोठा होतो, आणि एक मोठी मादी अनेक लहान माद्यांपेक्षा कितीतरी अधिक अंडी घालते. अंडी आणि पिले प्रवाहाबरोबर हद्दीबाहेर जातात, आणि आत गर्दी झाली की मोठे मासेही बाहेर पडतात. परंतु हे सर्व मासळीस सारखे लागू नाही. गोबरा, तांबोशी, शेवंड, कालवे यांना लहान राखीव क्षेत्राचा लाभ होतो. बांगडा, तारली, सुरमई हे मोठ्या अंतरावर फिरणारे; आज येथे तर आठवड्याने कोठे. त्यांना तीन चौरस किलोमीटरची राखण पुरी पडत नाही. त्यांच्यासाठी हंगामाची बंदी, जाळ्याचे आस आणि पर्ससीनवरील नियंत्रण हेच उपाय. तेव्हा “अभयारण्य झाले की रापणीत बांगडा भरेल” असे कोणी सांगेल तर ते खरे मानू नये. आणि “अभयारण्याने काहीच होत नाही” असे कोणी म्हटले तर तेही मानू नये.

आणखी एक गोष्ट. लाभ येण्यास वर्षे लागतात. तोटा मात्र पहिल्याच दिवशी होतो, आणि तो होतो अगदी जवळच्या, लहान होडीच्या मच्छीमाराचा. ज्याच्याजवळ मोठी नौका आहे तो दूर जातो. ज्याच्याजवळ वल्ह्याची होडी आहे, त्याने त्या मधल्या वर्षांत कोठे जावे? आमच्या रापणकरांचा दुसरा प्रश्न तो हाच होता. आपो बेटावर त्याचे उत्तर लोकांनी स्वतः ठरविले, कारण किती भाग बंद करावा आणि किती खुला ठेवावा हे त्यांच्या हाती होते. मालवणास ते नव्हते.

आता आंग्रिया

रत्नागिरी-विजयदुर्गच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रात बुडालेले एक पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. माथ्यावर पाणी सुमारे २० मीटर, आणि तेथे प्रवाळाची विपुल वस्ती. २०१९ च्या डिसेंबरात ‘सिंधु साधना’ या संशोधन जहाजावरून शास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. हे स्थान राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीबाहेर असल्यामुळे केंद्राच्या १९७६ च्या सागरी क्षेत्र अधिनियमाखाली त्यास संरक्षण द्यावे, असा विचार पुढे आला आहे. ते मोठे आहे, दूर आहे, लहान होडीची तेथे पोहोच नाही. म्हणून मालवणात जे दुःख झाले ते तेथे त्याच प्रमाणात होणार नाही. परंतु आपल्या मोठ्या नौका त्या पाण्यात जातात, आणि त्यांवर आपल्याच समाजाचे शेकडो खलाशी पोट भरतात.

अशा वेळी १९८७ चे माझे भाषण पुन्हा कोणी करू नये, आणि १९८७ चा कागदही पुन्हा तसाच येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख. समाजबांधवांपुढे माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना ठेवतो.

पहिली ही की, आपल्या मासळीची नोंद आपण ठेवावी. कोणत्या दिवशी, कोणत्या पाण्यात, किती वाव खोलीवर, कोणती मासळी, केवढी मिळाली, एवढे वहीत लिहिण्यास सातवी शिकलेला मुलगाही पुरे. आपल्याजवळ नोंद नसली की दुसऱ्याचे आकडे प्रमाण ठरतात. दुसरी ही की, जेथे राखीव क्षेत्राची चर्चा होईल तेथे आपले प्रतिनिधी जावेत, आणि केवळ विरोध नोंदवून परत न येता चार गोष्टी लेखी मागाव्यात. हद्द कोणी व कोणत्या आधारे आखली. कोणत्या प्रकारची मासेमारी चालेल व कोणती नाही. मधल्या वर्षांत ज्याचा हंगाम बुडेल त्याला काय मिळेल. आणि पहाऱ्यात व देखरेखीत आपली माणसे किती असतील. जाळ्यात अडकलेले कासव किंवा डॉल्फिन जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये काढलीच आहे. म्हणजे राखण करणाऱ्याचे नुकसान भरून द्यावे हे तत्त्व सरकारलाही मान्य आहे. तिसरी सूचना आपल्या भगिनींविषयी. मासळी बाजारात नेणारी, सुकविणारी आणि घर चालविणारी तीच. पण सभेत तिला विचारले जात नाही. कालवे व शिंपले वेचण्याच्या जागा तिच्या आहेत, आणि हद्द आखताना प्रथम बंद होतात त्या त्याच.

चौथी गोष्ट बोलावयास कठीण आहे, पण वयाच्या अधिकाराने बोलतो. आपल्यापैकी काहींच्या पर्ससीन आहेत, काहींच्या ट्रॉलर आहेत, आणि काही अद्याप रापण ओढतात. समाजाच्या सभेत हे तिघे एका सतरंजीवर बसतात, आणि दर्यात एकमेकांची जाळी तोडतात. सरकारने राखलेल्या हद्दीस आपण नावे ठेवतो, पण आपणच पूर्वी पाळीत असलेल्या हद्दी मोडल्या, याचा विचार केव्हा करणार? रापणीच्या पाळ्या मोडल्या, नारळी पौर्णिमेचा धीर सुटला, आणि आसांचा आकार बारीक झाला, हे कोणा परक्याने केले नाही. आधी आपले घर एक झाले पाहिजे, तरच सरकारशी बोलताना आपल्या शब्दास वजन येईल.

ते वृद्ध रापणकर आता हयात नाहीत. त्यांचा नातू मुंबईस नोकरी करतो; त्यांच्या रापणीची दोरखंडे मांगरात पडून आहेत. त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे नकाशा पाहून काढले : होय, त्यांची रापण हद्दीत येत होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणा एका मास्तराने देण्यासारखे नाही. ते समाजाने मिळून, शास्त्रज्ञांना आणि सरकारला बरोबर घेऊन, दर्याकाठी बसून ठरवावयाचे आहे. तसे बसण्याची सद्बुद्धी श्रीदेव रामेश्वर आपणा सर्वांस देवो, आणि दर्यादेव आपल्या लेकरांची जाळी भरलेली ठेवो, एवढीच प्रार्थना करून हा लांबलेला लेख पुरा करतो.